वर्ना मावशीनं अडवलेलं पत्र

माझी मावशी वर्ना एत्सिटी हिनं ग्रे पॉइंटला, आम्हा आदिवासींच्या पोरांसाठी चालवलेल्या सरकारी बोर्डिंग शाळेत, मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं नोकरी केली. आज ती पंचाहत्तरीची आहे, पण अजून पलंगाची चादर अशी ताणून खोचते की वर बसायला आपल्यालाच चोरट्यासारखं वाटावं. शाळेत तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि गळ्यात शिट्टी. पोरी तिला मिस एत्सिटी म्हणायच्या. मावशी तिला फक्त मीच म्हणायचे, तेही घरात.

मी चार वर्षांची असताना माझी आई गेली आणि मावशीनं मला आपल्याकडे आणलं. आमच्यात मावशी ही धाकटी आईच असते, त्यामुळे यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. शाळेच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी पांढऱ्या रंगाची घरं होती, त्यातल्या शेवटच्या घरात आम्ही राहायचो. मी त्याच शाळेत शिकले, पण वसतिगृहात एक दिवसही राहिले नाही. सकाळी मी स्वयंपाकघरात पावाला जॅम लावून खात बसायचे आणि खिडकीबाहेरून पोरींची रांग जेवणघराकडे जायची. सगळ्यांचे कोट सारखे, सगळ्यांचे केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले. दोनशे पोरी चालत असून बुटांशिवाय दुसरा आवाज नसायचा. एखादी मान वळवून खिडकीकडे बघायची. मी पडदा ओढून घ्यायचे. मी किती लहान होते वगैरे मला माहीत आहे, पण पडदा मी ओढायचे हेही खरं.

मावशी स्वतः त्याच शाळेतली. ती सहा वर्षांची असताना सरकारी माणूस पोरं गोळा करायला आला, तेव्हा तिच्या आजोबांनी तिला मेंढ्यांच्या वाड्यामागच्या घळीत लपवलं होतं. तिला शिंक आली. पुढचं सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही बटाटे सोलता सोलता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. केस कापले, डोक्याला रॉकेल चोळलं, आपल्या भाषेत बोलली म्हणून तोंडात कपड्याचा साबण घातला. "तीन वेळा," ती म्हणाली. "चौथ्यांदा वेळ आली नाही. मी शिकले. ज्या पोरी लवकर शिकायच्या त्यांना कुणी हात लावायचं नाही." एकविसाव्या वर्षी तिला तिथेच नोकरी लागली, तेव्हा आमच्या सगळ्या नातेवाइकांत पगार आणणारी ती एकटीच होती.

मावशीनं कधी कुणाला मारलं नाही, हे तिच्या हाताखालच्या जुन्या पोरीही कबूल करतात. तिची पद्धत वेगळी होती. पोर आपल्या भाषेत बोलताना सापडली की ती भिंतीवर खडूनं एक टिंब काढायची आणि पोरीला त्या टिंबाला नाक लावून उभं करायची. टिंब मुद्दाम थोडं उंच काढलेलं असायचं.

मी शाळेची बस चालवते. दोन हजार तीन साली वसतिगृहाची जुनी इमारत पाडायचं ठरलं आणि त्याआधी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचा म्हणून समिती नेमली गेली. समितीवाल्यांनी मला गाठलं. त्यांच्याकडे जुने फोटो होते, पण नावं नव्हती. "तुझ्या मावशीशिवाय कोण सांगणार?" ते म्हणाले. शिवाय मेळाव्यात मावशीच्या खांद्यावर चांगलं लोकरीचं ब्लँकेट घालून तिचा सत्कार करायचा होता. मी फोटो घेऊन घरी आले.

मावशीनं चष्मा पुसला आणि बोट ठेवत ठेवत सुरुवात केली. प्रत्येक पोरीच्या कपड्यांवर नंबर शिवलेला असायचा, ती नंबरासकट नावं सांगत होती.

"ही अठ्ठावीस नंबर, ॲडिलेड. बूट नेहमी उलटे घालायची. ही तेहतीस. हिला ते सुकवलेले आलुबुखार आवडायचे, आख्ख्या शाळेत एकटीला. ही एकोणचाळीस, पळून जायची. नऊ वेळा पळाली. दहाव्यांदा सापडली नाही."

"मग काय झालं तिचं?"

"काय व्हायचंय? गॅलपला सात नातवंडं आहेत तिला."

मी हसत हसत नावं लिहून घेत होते. दुसऱ्या रांगेत एक बारीक पोर होती, मान जरा एका बाजूला कललेली.

"आणि ही?"

"आठवत नाही."

"नंबर तरी?"

"नाही म्हटलं ना!" मावशी उठली आणि धुतलेला कप परत धुवायला लागली. छप्पन्न पोरींपैकी पंचावन्न नावं मिळाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आवारात बस धूत होते. मावशी चालत आली. आमच्या घरापासून बसच्या आवारापर्यंत मैलभर अंतर आहे आणि तिचे गुडघे बरे नाहीत. ती बसच्या पायरीवर बसली.

"तिचं नाव ग्लेनिबा," ती म्हणाली. "शाळेत आम्ही ग्लेना केलं होतं. एकेचाळीस नंबर."

मी पाण्याचा नळ बंद केला.

ती सांगत गेली. ग्लेनिबा आली तेव्हा सात वर्षांची होती. पहिल्याच दिवशी, केस कापायच्या रांगेत, तिनं मावशीचा झगा धरला आणि घरी शिकवलं होतं तसं आपलं कूळ सांगितलं: मी मिठाच्या कुळातली. मग विचारलं, तुझं कूळ कोणतं? आमच्यात कूळ आईकडून येतं, आणि मावशीही मिठाच्या कुळातली. म्हणजे ती त्या पोरीची मावशी झाली, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी इंग्लिशमध्ये म्हटलं, इथे कुणाला कूळबीळ नसतं. मला मिस एत्सिटी म्हणायचं."

दोन वर्षं गेली. दर रविवारी पोरी घरी पत्र लिहायच्या. फळ्यावर मजकूर लिहिलेला असायचा: प्रिय आईबाबा, मी बरी आहे, जेवण चांगलं आहे, मी रोज शिकते आहे. पोरींनी तो उतरवायचा आणि खाली नाव घालायचं. पत्रं मावशी तपासायची आणि मग वसतिगृहाच्या मुख्य बाई मिसेस हॅस्केल यांच्याकडे द्यायची. एखादीनं स्वतःच्या मनानं काही लिहिलं तर ते परत लिहून घ्यायचं, असा नियम होता. तक्रारीचं पत्र बाहेर गेलं, तर ज्या बाईनं तपासलं तिच्या नावावर शेरा पडायचा.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत ग्लेनिबाचा कान दुखायला लागला. ती मावशीकडे आली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "माझ्या कानात काहीतरी चावतंय." मावशी म्हणाली, इंग्लिशमध्ये सांग. तिला कान हा शब्द येत होता, चावणं येत नव्हतं. ती परत आपल्या भाषेत बोलली. मावशीनं भिंतीवर टिंब काढलं. बाकीच्या पोरी जेवून येईपर्यंत ग्लेनिबा तिथे उभी होती.

त्या रविवारी तिनं फळ्यावरचं उतरवलं नाही. आपल्याला येत होते तेवढे इंग्लिश शब्द जुळवून तिनं स्वतःचं पत्र लिहिलं. मावशीला ते पाठ होतं. बसच्या पायरीवर बसून तिनं ते मला म्हणून दाखवलं: "आई. माझा कान रडतो. बाबा घोडा घेऊन ये. मी दारात थांबते."

"तुला वाटलं असेल, घरची आठवण येते म्हणून बहाणा करतेय," मी म्हटलं. मला तिच्या हाती एखादी सबब द्यायची होती.

"नाही." मावशीनं मान हलवली. "असं मी मिसेस हॅस्केलना सांगितलं. मला माहीत होतं. तिच्या उशीवर पिवळा डाग होता. पण त्याच महिन्यात मला कायम करणार होते, आणि मला एकही शेरा नको होता. मी तिला फळ्यावरचं उतरवायला लावलं. तिनं उतरवलं. पहिलं पत्र मी शेगडीत टाकलं."

नऊ दिवसांनी ग्लेनिबा वर्गात बाकावरून खाली पडली. अंगात ताप फणफणत होता. शाळेच्या गाडीनं तिला दवाखान्यात नेलं, तिथून दोनशे मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात. कानामागचं हाड सडलं होतं, ते कापावं लागलं. पोर वाचली, पण तो कान कायमचा गेला. ती शाळेत परत आलीच नाही.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी एक मार्चला कायम झाले."

बसच्या टपावरून पाणी ठिबकत होतं. या बाईच्या पगारावर मी वाढले. माझे दात नीट झाले ते, माझ्या पायात नवे बूट आले ते, सगळं त्या एक मार्चनंतरचं.

"ती आता कुठे असते, माहीत आहे?"

"चाळीस मैलांवर, लाल कड्याच्या पलीकडे. आईजवळ राहते, गालिचे विणते. शनिवारच्या बाजारात येते." मावशी खाली बघून म्हणाली, "ती दिसली की मी दुसऱ्या ओळीतून जाते. एकदा खरबुजांच्या ट्रकमागे तासभर उभी राहिले होते."

मेळाव्यात सत्कार घ्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण आधी तिला ग्लेनिबाकडे जायचं होतं आणि मी तिला न्यायचं होतं. रविवारी आम्ही निघालो. तिनं पिठाची गोणी, कॉफीचा मोठा डबा आणि बटाटे घेतले होते. रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाहीत. रस्ताभर ती ओठ हलवत होती, आपल्या भाषेत वाक्यं जुळवत होती. "शेरा याला आपल्यात काय म्हणायचं गं?" तिनं मध्येच विचारलं. "आपल्यात तसला शब्दच नाही," तीच म्हणाली, आणि परत ओठ हलवायला लागली.

घरापाशी आम्ही रिवाजाप्रमाणे गाडीतच बसून राहिलो, कुणीतरी बाहेर येईपर्यंत. दहा मिनिटांनी एक ठेंगणी म्हातारी दारात आली, हातावर मखमलीची बाही सारलेली. ती ग्लेनिबाची आई. आम्ही उतरलो, अलगद हात हातात घेतले.

"ही धिप्पाड बाई कोण?" म्हातारीनं माझ्याकडे ओठांनी खूण करून विचारलं.

"माझी भाची. शाळेची बस चालवते."

"बसमध्ये मावते का? का पोरांना टपावर बसवते?" म्हातारी स्वतःच खुसखुसली. "आणि तू कोण, बाई?"

मावशीनं पद्धतीप्रमाणे सांगितलं, मी मिठाच्या कुळातली, बापाकडून काठच्या कुळाची.

"अगं, मग तू माझी धाकटी बहीण की!" म्हातारीनं तिचा हात पुन्हा धरला. "आणि इतकी वर्षं कुठे उलथली होतीस? चल आत. मटणाचा रस्सा आहे, जाड पुऱ्या तळते."

मावशीचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असा तो चेहरा होता.

आत हातमागापुढे ग्लेनिबा बसली होती. पन्नाशी उलटलेली, अंगानं सुकलेली, मान अजून तशीच कललेली. तिनं आमच्याकडे बघून मान डोलावली आणि परत धागे ठोकायला लागली. मावशी तिच्या शेजारी, जमिनीवरच्या मेंढीच्या कातड्यावर बसली. रश्श्याला तिनं हात लावला नाही. तिनं सरळ सुरुवात केली.

केस कापायची रांग, टिंब, पत्र, शेगडी, सगळं तिनं सांगितलं. शेरा या शब्दाच्या जागी ती म्हणाली, "माझ्या नावाला काळं लागू नये म्हणून." तिचा आवाज बारीक होता, पण ती थांबली नाही. म्हातारी तव्यासमोर उभी होती, हातात पिठाचा गोळा तसाच. मावशीचं बोलणं संपलं. ग्लेनिबा धागे ठोकतच होती.

मग म्हातारी म्हणाली, "तिला ऐकू आलं नाही. ती बाजू बंद आहे तिची. इकडून ये आणि परत सांग."

मावशी उठली. गुडघ्यांवर हात देऊन, मागाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली आणि बसली. मी उभ्या आयुष्यात तिला कुणासमोर इतकी लहान झालेली पाहिली नव्हती. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा ती पाठ केल्यासारखं बोलली होती, या वेळी शब्द जागोजागी अडकत होते. ग्लेनिबाचे हात थांबले.

"काय लिहिलं होतं मी?" तिनं विचारलं. "मला काहीच आठवत नाही त्यातलं."

मावशीनं पत्र म्हणून दाखवलं, आधी इंग्लिशमध्ये, मग आपल्या भाषेत.

"'कान रडतो'?" ग्लेनिबाला हसू फुटलं. "असं लिहिलं मी? बरं इंग्लिश येत होतं की मला!" मग तिनं तोंडावर हात धरला आणि बराच वेळ तो काढला नाही.

म्हातारीनं तवा उतरवला. "पत्र आलं असतं तरी आम्हांला कुठे वाचता येत होतं," ती म्हणाली. मला वाटलं, आता ती मावशीला सोडवते आहे. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "दुकानातला माणूस वाचून दाखवायचा. पण तिच्या बापानं वाचून घेतलंच असतं. दर वेळी घ्यायचा. मग घोड्यावर बसला असता आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात असता. तो आला असता, बाई."

आम्ही गेलेल्या माणसाचं नाव घेत नाही. तिनंही घेतलं नाही.

"एप्रिलमध्ये तो तिला आणायला गेला तेव्हा त्याला कळलं की पोर शाळेतच नाही," ती पुढे म्हणाली. "तिथे कुणीतरी त्याला सांगितलं, तुमच्या पोरीनं काही सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर आम्ही बघितलं असतं. ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. म्हणायचा, मीच तिला ट्रकमध्ये बसवताना सांगितलं होतं, तिथे रडू नकोस, कुरकुर करू नकोस. माझं ऐकलं म्हणून तिचा कान गेला. मरेपर्यंत हेच. पोरीशी बोलताना जमिनीकडे बघायचा."

"ते मीच सांगितलं," मावशी म्हणाली.

मी वळून तिच्याकडे पाहिलं. हे तिनं मला बसच्या पायरीवर सांगितलं नव्हतं.

"त्याला इंग्लिश येत नव्हतं. मिसेस हॅस्केलनी मला दुभाषी म्हणून बोलावलं. त्या म्हणाल्या, मुलीनं कुणालाच सांगितलं नाही असं सांग. मी सांगितलं. आपल्या भाषेत, नीट, समजेल असं. त्यानं माझे आभार मानले."

बाहेर एक कोकरू आईसाठी ओरडत होतं. ग्लेनिबा उठली, "मेंढ्या सोडायच्यात," एवढंच म्हणाली आणि आमच्यामधून बाहेर निघून गेली. तिनं मावशीला शिव्या दिल्या नाहीत आणि माफही केलं नाही. मी दारातून बघितलं. ती कुंपणाच्या फळीला कपाळ टेकून उभी होती. मेंढ्या तिच्या पायांशी ढकलाढकली करत होत्या.

आम्ही निघालो तेव्हा म्हातारी गाडीपर्यंत आली. "पीठ परत घेऊन जा," ती म्हणाली. "आमच्याकडे पीठ आहे. कॉफी ठेवते." मी गोणी उचलून मागे टाकली. तिनं हात पुढे केला नाही.

परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेतली. मला राग आला होता. "बापाचं मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला आणलं नसतंस."

"आणलं असतं."

"मग मी आले नसते," मावशी म्हणाली. थोड्या वेळानं मी विचारलं, "बरं वाटतंय का आता?" तर ती खेकसली, "बरं वाटावं म्हणून गेले होते का मी?"

मेळावा मे महिन्यात झाला, शाळेच्या जेवणघरात. तीनेकशे माणसं आली होती. समितीवाल्यांनी ब्लँकेट घडी करून टेबलावर ठेवलं होतं. मावशीचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, "ते ब्लँकेट दुसऱ्या कुणाला तरी द्या." मग तिनं ग्लेनिबाचं नाव न घेता सगळं सांगितलं, बापाला खोटं सांगितल्याचं आधी. पहिल्यांदा इंग्लिशमध्ये, मग आपल्या भाषेत. मागच्या टेबलावरच्या चार बायका उठून बाहेर गेल्या. पुढे बसलेला एक पुरुष मोठ्यानं म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" मावशी म्हणाली, "काही नाही."

मला वाटलं होतं, सगळं इथे संपेल. मी तिचा कोट आणायला गेले. परत आले तर तिच्या खुर्चीसमोर एक बाई उभी होती, फोटोतली अठ्ठावीस नंबर, ॲडिलेड, आता चांगली जाडजूड आजी झालेली.

"मिस एत्सिटी," तिनं विचारलं, "माझंही एखादं पत्र टाकलंस का शेगडीत?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. "हो."

"किती?"

"दोन आठवतात. एकात तू लिहिलं होतंस की तुझ्या बहिणीला इथे पाठवू नका."

"पाठवली त्यांनी," ॲडिलेड म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागे दुसरी आली. मग तिसरी. समितीवाल्यांनी जेवण वाढायला घेतलं तरी मावशीसमोर रांग होतीच. शाळेतल्यासारखी ती रांग गप्प नव्हती. कुणी रडत होतं, कुणी टोमणे मारत होतं. एकीनं तर विचारलं, "माझं अक्षर तरी बरं होतं का गं?" मावशी प्रत्येकीला खरं तेवढंच सांगत होती. मी हातात कोट घेऊन उभी होते. लहानपणी खिडकीतून जिच्याकडे बघून मी पडदा ओढला, ती पोर या रांगेत असणार, आणि मला ती ओळखता येणार नव्हती. मी कोट खुर्चीवर ठेवला आणि भांडी आवरायला गेले, कारण तिथे उभं राहवेना.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. गावात काही जण मावशीशी बोलत नाहीत, त्यात आमचे काही नातेवाईकही आहेत. शाळेचं वाईट चारचौघांत काढलं म्हणून काहींचा राग आहे, तर काहींचा इतकी वर्षं काढलं नाही म्हणून. ग्लेनिबाकडे ती परत गेली नाही, तिनं बोलावलंही नाही. बाजारात मात्र मावशी आता दुसऱ्या ओळीतून जात नाही. समोरून जाते, उभी राहते, ग्लेनिबा मान डोलावते किंवा डोलावत नाही, मग मावशी पुढे जाते. त्या दिवशी घरी आल्यावर तिला जेवण जात नाही.

अधूनमधून अजून कुणीतरी येतं. घराबाहेर गाडी थांबते, आम्ही दार उघडतो, साठीच्या आसपासची एखादी बाई उतरते. आत येऊन कॉफी घेते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते. निम्म्याहून जास्त वेळा मावशीला सांगावं लागतं की आठवत नाही. तिला त्याचीच जास्त लाज वाटते. मला म्हणते, "एक पत्र लक्षात राहिलं, कारण त्या पोरीचा कान गेला. बाकीची मी अशीच टाकत गेले."

गेल्या महिन्यात फीनिक्सहून एक बाई आली. सडपातळ, छान कापलेले केस, दवाखान्यात कारकुनी करून नुकतीच निवृत्त झालेली. तिचा नंबर बारा होता. मावशीनं डोळे मिटून खूप आठवून पाहिलं.

"नाही गं," ती शेवटी म्हणाली. "तुझं नाही आठवत."

बाईनं कप दोन्ही हातांत धरला होता. "मला वाटतं, मी मांजरीबद्दल लिहिलं होतं," ती म्हणाली. "आमची मांजर व्यायली होती. पिल्लं कुणाला देऊ नका, मी येईपर्यंत थांबा, असं काहीतरी. घरी गेले तेव्हा एकही पिल्लू नव्हतं. मला कळेना, पत्र पोचलं नाही, की पोचूनही त्यांनी दिली."

"मांजरीचं असेल तर मी पाठवलं असेल," मावशी म्हणाली. "त्यात तक्रार नव्हती."

पण हे म्हणताना ती त्या बाईकडे बघत नव्हती, आणि बाईनंही परत विचारलं नाही. तिनं कॉफी संपवली, कप धुवायच्या भांड्यात नेऊन ठेवला आणि ऊन उतरायच्या आत रस्त्याला लागायला हवं म्हणून उठली.